पदरात वारा धरता येत नाही

पत्र (ओळख लपवून, थोडक्यात):

मावशी, मी ३१ वर्षांची. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरात वाढले, लग्नानंतर पिंपरी-चिंचवडला एकत्र कुटुंबात आहे. सात महिन्यांचं बाळ आहे. चर्चच्या मंडळीत पाच वर्षं संडे स्कूल शिकवते. बाळंतपणानंतर माझ्या मनाला काय झालंय कळत नाही. प्रार्थनेला डोळे मिटले की प्रभूच्या नावापुढे एक घाणेरडा शब्द येतो. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर हातात घेताना तर हमखास. मग क्षमा मागून प्रार्थना पहिल्यापासून सुरू करते, कधी सात-आठ वेळा. शिवाय धाकट्या जावेचा हेवा वाटतो, तो वेगळाच. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांना भीतभीत सांगितलं. ते म्हणाले, सैतानाला जागा दिलीस, तीन दिवस उपास कर आणि प्रत्येक विचार बंदीत टाक. मला ते जमलं नाही. तीन महिने प्रभुभोजन घेतलेलं नाही. वाईट विचार माणसाच्या अंतःकरणातूनच निघतात, असं मार्काच्या सातव्या अध्यायात आहे. ज्या पापाची क्षमा नाही ते हेच का? ‘जे सत्य, जे शुद्ध त्याचं मनन करा’ हे फिलिप्पैकरांस पत्रातलं चौथ्या अध्यायाचं आठवं वचन फ्रिजवर चिकटवलंय, पण ते वाचलं की जास्तच अपराधी वाटतं. संडे स्कूल सोडून देऊ का? देवाला आवडेल असं मन करायचं तरी कसं? कधीकधी बाळाला घेऊन गॅलरीत उभी असताना नको नको ते डोळ्यांसमोर येतं. मी वाईट आई आहे का?

उत्तर:

पोरी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या वाचनात वाटलं, यात एकच प्रश्न आहे. तिसऱ्या वाचनात तीन निघाले, आणि तू तिन्हींना ‘वाईट विचार’ या एकाच खुंटीवर टांगून ठेवलंयस. ताप, मुरगळलेला पाय आणि शेजारणीशी भांडण, सगळ्यांवर एकच काढा. मग काढा कडू लागतो आणि गुण काही येत नाही.

सुरुवात तुझ्या शेवटच्या ओळींपासून करते. त्या तू घाईघाईत, जाता जाता लिहिल्यास. मला तर वाटतं, तू पत्र लिहायला बसलीस ते त्यांच्यासाठीच.

बाळ कडेवर असताना डोळ्यांसमोर काहीतरी भयंकर चमकून जाणं, छातीत धस्स होणं आणि दोन पावलं मागे सरकणं, हे ओल्या बाळंतिणींना होतं, नव्या बापांनाही होतं. कुणाला गॅलरीत, कुणाला भाजीची सुरी हातात असताना, कुणाला बाळाला न्हाऊ घालताना. फार जणांना होतं आणि कुणीच बोलत नाही, म्हणून प्रत्येकीला वाटतं की आपणच एकट्या राक्षसीण. माझ्या थोरल्या लेकाच्या वेळी मी दोन महिने विहिरीवर जायचं टाळलं. घरात सांगितलं की कंबर दुखते. खरं कारण आज पहिल्यांदा लिहितेय. तुला त्या चित्राची किळस येते, तू घाबरून मागे होतेस, यावरूनच कळतं की ते तुझं मागणं नाही. तेव्हा नाही, तू वाईट आई नाहीस.

पण पुढचं नीट वाच. तो विचार भयंकर वाटेनासा झाला, उलट बरोबर वाटू लागला, कुणीतरी कानात हुकूम सोडतंय असं वाटलं, झोपच उडाली किंवा स्वतःला संपवावं असं मनात आलं, तर त्याच दिवशी घरच्यांना सांगायचं, बाळ दुसऱ्याच्या हाती द्यायचं आणि दवाखाना गाठायचा. आधी दवाखाना. पाळक तिथेच भेटायला येतील.

आणि यातलं काहीही झालेलं नसलं, तरी डॉक्टरकडे जाच. सात-आठ वेळा पहिल्यापासून प्रार्थना करतेस, म्हणजे दिवसाचा किती वेळ जातो? तासभर किंवा जास्त जात असेल, तर डॉक्टरांकडे त्याला नाव आहे: ओसीडी, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येण्याचा आणि त्यापायी तीच तीच कृती करत राहण्याचा आजार. ती फक्त हात धुण्याची असते असा आपला समज आहे. ती प्रार्थनेचीही असते, पापाच्या कबुलीचीही असते, आणि बाळंतपणाच्या आसपास डोकं वर काढते हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. त्यावर उपचार आहेत. एका प्रकारच्या मानसोपचारात हळूहळू शिकवतात की विचार येऊ द्यायचा, पण त्यामागोमाग करावीशी वाटणारी कृती करायची नाही. गोळ्याही आहेत. अंगावर पाजतेस हे डॉक्टरांना सांग, म्हणजे त्याप्रमाणे गोळी निवडतील. दवाखान्यात जायचा धीर होत नसेल तर आधी सरकारच्या टेलि-मानसवर फोन कर. नंबर १४४१६. २०२२ सालापासून ही सेवा आहे, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं. गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी, असं मंडळीत कुणी म्हणालंच, तर त्यांना त्यांच्या बीपीच्या गोळीबद्दल प्रेमानं विचार.

आता तो शब्द. तू समजतेस की मनात आलं म्हणजे मनातलं आहे. सगळा घोळ या एका समजुतीत आहे.

चौथ्या-पाचव्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात जे ख्रिस्ती साधू राहत, त्यांच्याकडे लोक हाच प्रश्न घेऊन जायचे. अब्बा पोयमेन म्हणून एक होते. त्यांच्याकडे एक भाऊ आला आणि म्हणाला, माझ्या मनात नाना विचार येतात, त्यानं माझा जीव धोक्यात आहे. त्या कथेच्या एका पाठात म्हातारे त्याला उघड्यावर नेतात आणि म्हणतात, पदर पसर आणि वारा धर. तो म्हणतो, हे कसं जमेल? तेव्हा म्हातारे सांगतात की विचारांना येऊ न देणंही असंच आहे, जमायचं नाही. त्यांच्यापुढे उभं राहणं तेवढं तुझ्याकडे आहे. वाळवंटात राहून, उपास करून, दिवसरात्र स्तोत्रं म्हणणाऱ्यांची ही गत, मग रात्रीतून चारदा उठणाऱ्या तुझी काय कथा!

१९८७ साली डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काही जणांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. पुढे त्यांनाच सांगितलं, आता खुशाल विचार करा. तेव्हा ज्यांनी आधी दाबून धरलं होतं, त्यांना अस्वल इतरांपेक्षा जास्त दिसलं. तू प्रार्थनेला बसतेस तेव्हा ती घंटी हातात घेऊनच बसतेस. आला का? नाही. आता? आता? अगं, मग येणारच.

जॉन बन्यन हे नाव तू संडे स्कूलमध्ये घेतलं असशील. हा इंग्लंडातला, भांडी दुरुस्त करणारा माणूस. प्रभूला ‘विकून टाक, विकून टाक’ हे शब्द बराच काळ त्याच्या डोक्यात घण घातल्यासारखे पडत राहिले, असं त्यानं १६६६ साली स्वतःच लिहून ठेवलंय. पुढे १६७८ मध्ये त्यानं यात्रेकरूची गोष्ट लिहिली. ती मराठीत १८४१ सालीच ‘यात्रिकक्रमण’ म्हणून आली. त्यात मृत्युच्छायेच्या दरीतून जाताना एक दुष्ट आत्मा यात्रेकरूच्या मागून हळूच येतो आणि कानाशी देवाची निंदा कुजबुजतो. बिचाऱ्या यात्रेकरूला वाटतं, हे आपल्याच मनातून निघालं. बन्यन म्हणतो, वाटेत तोवर भेटलेल्या कशानंही त्याला इतका त्रास झाला नव्हता. ज्यानं ते भोगलंय त्यालाच इतकं नेमकं लिहिता येतं.

याहून जवळचा पुरावा हवा तर मत्तयाचा चौथा अध्याय काढ. सैतान प्रभूला मंदिराच्या शिखरावर उभं करतो आणि म्हणतो, खाली उडी टाक. उंचावर उभं असताना खाली पडण्याचा विचार! मला तुझी गॅलरी आठवली. तो विचार प्रभूच्या कानापर्यंत पोहोचलाच की. इब्री लोकांस पत्र सांगतं, तो सर्व प्रकारे आपल्यासारखा पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. कानावर येण्यालाच पाप म्हटलं, तर हे वाक्य लिहिताच आलं नसतं.

तू मार्काच्या सातव्या अध्यायाचा दाखला दिलायस, की वाईट विचार माणसाच्या अंतःकरणातूनच निघतात. खरं आहे. पण त्या यादीत पुढे काय काय येतं ते बघ: चोरी, खून, लोभ, कपट. म्हणजे मनात शिजवलेले बेत. ज्याच्या येण्यानं तुला रडू येतं, तो शब्द या यादीत बसत नाही.

क्षमा नसलेल्या पापाबद्दल दोनच वाक्यं, कारण याच्यावर तू पुरेशा रात्री घालवल्यायस. मार्काच्या तिसऱ्या अध्यायात प्रभू हे बोलतो ते यरुशलेमेहून आलेल्या शास्त्र्यांना; डोळ्यांदेखत माणसं बरी होत असताना त्यांनी थंड डोक्यानं ठरवलं होतं की हे बालजबूलाचं, म्हणजे भुतांच्या सरदाराचं काम. तू ठरवलेलं काही नाही, तू घाबरलेली आहेस, आणि त्याच ठिकाणी आधीचं वाक्य सगळ्या पापांच्या आणि निंदेच्या क्षमेचं आहे, ते कुणी आपल्याला मोठ्यानं वाचून दाखवत नाही.

प्रभुभोजनाचंही असंच अर्धं वाचलं जातं. ‘अयोग्य प्रकारे’ हा शब्द ऐकून किती बायका मागच्या बाकावर बसून राहतात, मी आयुष्यभर पाहत आलेय. करिंथच्या मंडळीत झालं काय होतं? काही जण आधीच खाऊन पिऊन झिंगायचे आणि गरीब उपाशी राहायचे. त्यांना पत्र लिहिणारा प्रेषित पौल रागावला त्यावर. आणि आत्मपरीक्षा करा असं सांगून तो थांबत नाही. माणसानं आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं, असं वाक्य आहे. परीक्षा करून घरी जावं असं कुठे म्हटलंय?

मग शब्द आला की करायचं काय? शक्य तितकं कमी. ‘हा, आला तो’ एवढं मनात म्हणायचं आणि प्रार्थना जिथे होती तिथून पुढे न्यायची. क्षमा मागायची नाही. हे तुला सगळ्यात अवघड जाईल, कारण क्षमा मागणं चांगलं असं आपण शिकलोय. पण इथे ती क्षमा नसून त्या शब्दाला दिलेला मान आहे; दर खेपेला तू खुर्ची सोडून उठतेस, म्हणून तो येत राहतो. पहिल्यापासून सुरुवात करायची नाही. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ एकदाच. अर्ध्यात गडबड झाली तर गडबडलेली प्रार्थना पुढे जाऊ दे. पहिले आठ-दहा दिवस जीव कासावीस होईल. होऊ दे. दवाखान्यात हेच शिकवतील, फक्त नीट आणि सोबतीनं.

आता जाऊबाई.

इथे मात्र मी तुझी पाठ थोपटणार नाही. त्या घाणेरड्या शब्दाबद्दल तू चार ओळी लिहिल्यास आणि जाऊबाईंबद्दल दीड पान. छापताना मी ते गाळलं. त्यात त्यांच्या फ्लॅटचं क्षेत्रफळ आहे, हॉलचं फॉल्स सीलिंग आहे, समर्पणाच्या प्रार्थनेला पाळकसाहेब काय काय म्हणाले ते शब्दशः आहे. पोरी, तो शब्द न बोलावता येतो. या विचाराला तू रोज पाट मांडून जेवायला वाढतेस. रात्री बाळाला पाजताना एका हातानं त्यांचं स्टेटस उघडतेस, हेही तूच लिहिलंयस.

म्हणजे ज्या विचाराबद्दल तू स्वतःला फटके मारतेस तो तुझा नाही, आणि जो तुझा आहे त्या हेव्याची कबुली मात्र ‘आणि शिवाय’ म्हणून एका ओळीत. आपण सगळेच असं करतो. भयंकर दिसणाऱ्या पापाची धास्ती घेतली की रोजच्या वापरातलं पाप तसं सुखरूप राहतं.

तरी या हेव्यालाही लगेच झाडूनं बाहेर काढू नकोस. आधी विचार, तो कशाला आलाय. तुझ्या दीड पानात मधेच एक वाक्य आहे: सासऱ्यांचा डायलिसिस, आठवड्यातून दोनदा, मीच नेते. बाळ घेऊन? आणि तुझ्या नवऱ्याला, दिराला हे ठाऊक आहे ना? हेव्याच्या पोटात इथे एक रास्त तक्रार बसलीय. ती प्रार्थनेनं जाणार नाही, जाऊही नये. ती दोन्ही भावांसमोर शांतपणे मांडायची आहे. एक खेप त्यांची, एक तुमची. त्यानंतर जे उरेल तो निव्वळ हेवा, आणि तो देवासमोर न्यायचा.

कसा न्यायचा ते आसाफाला विचार. ७३ वं स्तोत्र त्याचं. हा मंदिरातला गायक, आपल्या भाषेत गाण्याच्या पथकाचा पुढारी, आणि उघड सांगतो की दुर्जनांची भरभराट पाहून मला हेवा वाटला, माझे पाय घसरण्याच्या बेतात होते. मी पवित्र राहून मिळवलं काय, असंही विचारतो. हे सगळं तो बोलतो कुणाशी? शेवटी देवाशीच. तुझ्यासमोर मी पशूसारखा होतो, असं म्हणतो, आणि लगेच, तरी मी नेहमी तुझ्याजवळ आहे. मन आधी धुऊन पुसून मग देवाजवळ जायचं, असा क्रम त्या स्तोत्रात नाही. तो देवाच्या पवित्रस्थानात गेला आणि तिथे त्याला उमगलं. तेव्हा उद्या प्रार्थनेत ‘हे प्रभो, तू महान आहेस’ याच्या आधी सरळ म्हण, ‘प्रभो, मला तिचं फॉल्स सीलिंग सहन होत नाही.’ हसू येईल. येऊ दे. बऱ्याच महिन्यांत तू त्याच्यासमोर हसली नसशील.

आता फ्रिजवरचं वचन. तू ते चाळणीसारखं वाचतेस. जे सत्य, आदरणीय, न्याय्य, शुद्ध तेवढंच खाली पडू द्यायचं, बाकी वर अडवायचं, आणि अडलं नाही की आपण नापास. पण ‘मनन करा’ या जागी मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, ते हिशेबाचं आहे. मोजा, जमेस धरा. दुकानदार रात्री वही उघडतो तसं. वहीत उधारी असतेच. पौल म्हणतो, जमेची बाजू लिहायला विसरू नका. आणि यादीतला पहिला शब्द ‘सत्य’ आहे. गोड, छान, सकारात्मक यातलं काही नाही. ‘माझी जाऊ फार चांगली आहे’ असं दहादा म्हणालीस तर ते तुझ्यासाठी आज सत्य नाही, देवाला ते नकोय. पण तुझ्या बाळंतपणात आठ दिवस दवाखान्यात डबा त्यांनीच आणला, हेही त्या दीड पानात आहे, खोडून परत लिहिलेलं. ते सत्य आहे. ते लिही. रात्री एक ओळ, तारीख घालून, साध्या दोनशे पानी वहीत. त्यांच्याबद्दल असो, नवऱ्याबद्दल असो, स्वतःबद्दल असो. ‘मी वाईट आई आहे’ हे या वहीत घेता येणार नाही, कारण ते पहिल्याच शब्दाला अडतं.

आणखी एक. तू फ्रिजवर आठवं वचन लावलंस. त्याच अध्यायाचं दुसरं वाचलंस का? त्यात पौल युवदीया आणि सुंतुखे या दोघींना विनंती करतो, एकचित्त व्हा. सुवार्तेच्या कामात त्याच्याबरोबर झटलेल्या दोन बायका, त्यांचं बिनसलेलं, आणि पत्र मंडळीत मोठ्यानं वाचलं जायचं! भांडण कशावरून ते पौल सांगत नाही. पुढे सहा ओळींवर तुझं आवडतं वचन येतं. आणि ‘मनन करा’ हे अनेकवचन आहे. बंधनात असलेला माणूस एका अख्ख्या मंडळीला सांगतोय, तुम्ही मिळून हे करा. आपण त्याचं एकटीनं, दार लावून, दात आवळून करायचं काम करून ठेवलं.

म्हणून तुला एक सोबतीण हवी. सल्ले देणारी नको, ऐकून घेणारी. महिला मंडळात अशी एक तरी असते, बहुतेक वेळा ती पुढे पुढे करणारी नसते. तिला आठवड्यातून एकदा फोनवर सांगायचं: या आठवड्यात कशाला पाट मांडला. एवढंच.

त्या वडीलधाऱ्यांबद्दल. हेतू चांगला असेल. पण दूध पाजणाऱ्या आईनं तीन दिवस उपास करायचा नाही, हे मी लिहून देते. जे दूध बाळाचं आहे ते देवाला वाहायचा तुला अधिकार नाही. आणि प्रत्येक विचार बंदीत टाकण्याचं ते वाक्य करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या दहाव्या अध्यायातलं. तिथे पौल मंडळीत त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या युक्तिवादांशी लढतोय, डोळे मिटल्यावर चमकून जाणाऱ्या शब्दाशी नाही. त्या वाक्याचा आपल्या मनाशी संबंध नाही असं मी म्हणत नाही. जाऊबाईंच्या बाबतीत तू मनात जो खटला चालवतेस, वकीलही तूच आणि न्यायाधीशही तूच, त्याला ते चपखल लागू पडतं. विचार बंदीत टाकायचे तर आधी कैदी कोणता ते बघायला हवं.

मन रिकामं करून चालत नाही, हे लूकच्या अकराव्या अध्यायातल्या झाडून लख्ख ठेवलेल्या घराच्या दाखल्यावरून तुला माहीत आहे. तिथे बाहेर गेलेला दुष्ट आत्मा आणखी सात जणांना घेऊन राहायला आला. मग भरायचं कशानं? पहिल्या स्तोत्रात रात्रंदिवस मनन करणाऱ्या माणसाबद्दल सांगितलंय, त्यासाठी जो इब्री शब्द आहे तो आवाजाचा आहे. पुटपुटणं, गुणगुणणं. यशयात हाच शब्द शिकार धरून गुरगुरणाऱ्या सिंहाला वापरलाय आणि कण्हणाऱ्या पारव्यालाही. माझी आजी जात्यावर बसून स्तोत्र पुटपुटायची. चष्मा नाही, पुस्तक नाही, अक्षरओळखही बेताची. आम्ही मात्र मनन म्हणजे कपाळाला आठ्या घालून गप्प बसणं असं समजलो. तू पोळ्या लाटताना मोठ्यानं म्हण. भजनाची एक ओळ, तीच तीच. जीभ कामाला लागली की मन बरंचसं तिच्या मागे येतं.

रात्रीच्या पाजण्याच्या वेळेसाठी ६३ वं स्तोत्र घे. अंथरुणावर, रात्रीच्या प्रहरी देवाचं स्मरण करण्याबद्दल त्यात आहे. ज्यानं ते लिहिलं तोही जागाच होता. सबंध नको, एक ओळ. कागदावर लिहून उशाशी ठेव आणि मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव. गजर हवा तर साधं घड्याळ स्वस्तात मिळतं. माझ्या सगळ्या सल्ल्यांतला हा सगळ्यात स्वस्त, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त उपयोगी पडणारा. ओळ म्हणता म्हणता डोळा लागला तर ती प्रार्थना पुरी झाली असं समज.

या निमित्तानं पुरुष वाचकांसाठी थोडं, कारण ‘मन शुद्ध कसं ठेवू’ अशी पत्रं त्यांच्याकडूनच जास्त येतात, आणि दहातल्या आठांत मोबाईलवरच्या घाणीची गोष्ट असते. भावांनो, वर तिला सांगितलेलं ‘येऊ दे, जाऊ दे’ हे तुमच्यासाठी नाही. तुमचा पाहुणा आपणहून येत नाही, तुम्ही त्याला रात्री साडेअकराला फोन करून बोलावता. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू बोलतो ते मुद्दाम त्या इच्छेनं पाहण्याबद्दल. तिथे दार लावायचं, एका विश्वासू मित्राला सगळं सांगायचं, आणि तरी हात थांबत नसेल तर तुम्हीही डॉक्टरकडे जायचं.

संडे स्कूलचं विचारलंस. लायकीच्या कारणानं सोडू नकोस. थकव्याच्या कारणानं मात्र दोन-तीन महिने सुट्टी घ्यायला हरकत नाही, आणि तसं स्पष्ट सांगून घे: बाळ रात्री झोपू देत नाही. यात कुणाला काही खुलासा द्यावा लागत नाही. झोप हा तुझ्या दुखण्याचा केवढा भाग आहे, ते झोप मिळाल्याशिवाय कळायचं नाही. एलिया संदेष्ट्याचं आठव. झुडपाखाली पडून मरण मागत होता. देवदूतानं त्याला उपदेश केला नाही, भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत भाकर दिली.

पाळकसाहेबांना तू अजून काही सांगितलेलं नाहीस असं दिसतं. सगळा तपशील द्यायची गरज नाही. ‘बाळंतपणानंतर मनाला त्रास आहे, डॉक्टरकडे जातेय, प्रभुभोजनाला भीती वाटते’ एवढं पुरे. समजूतदार असतील तर ते तुला वेदीपाशी ओळखतील आणि घाई करणार नाहीत.

म्हणजे या आठवड्यात फोन, डॉक्टरची वेळ आणि नवऱ्याशी डायलिसिसच्या खेपांचं बोलणं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी बाळाला सासूबाईंच्या मांडीवर दे आणि रांगेत उभी राहा. तो शब्द येईल, बहुधा अगदी हात पुढे केल्यावरच येईल. हात मागे घेऊ नकोस.

तुझी मावशी